संरक्षण हवं, गोरेपणा नको



गेल्या उन्हाळ्यात वस्तीतल्या बैठकीला भाजी विकणारी एक मैत्रीण तोंडावर पदर ओढून आली. वांगाच्या डागांसाठी दुकानदाराने दिलेली ट्यूब ती चार महिने लावत होती. चेहरा लाल, नुसती आग. ट्यूबवर वाचलं, तर स्टेरॉइड! २०१८ पासून अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी मिळतात. मी तिला सरकारी रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं.

उन्हाने वांग वाढतो. तिला गरज होती संरक्षणाची. हाती पडलं गोरेपणाचं आमिष. म्हणून सनस्क्रीन घेताना वेष्टन वाचा. ‘एसपीएफ’ ३० किंवा जास्त हवा. तो त्वचा भाजणाऱ्या किरणांसाठी. ‘पीए’पुढे तीन अधिकची चिन्हं हवीत; ती खोलवर जाणाऱ्या किरणांसाठी. त्वचा नाजूक असेल तर बिनवासाचं, झिंक ऑक्साइडचं निवडा. चेहऱ्याला-मानेला दोन बोटं भरून लावा, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. ‘गोरेपणा’ची हमी दिसली, की ठेवून द्या.

हे रोज परवडत नाही, ठाऊक आहे. छत्री, दाट विणीचा सुती पदर, लांब बाह्या हेही संरक्षणच. आणि दिवसभर उन्हात बसणाऱ्या बाईला मंडईत छप्पर हवं. ते मात्र एकटीने विकत घेता येत नाही. सगळ्यांनी मिळून मागावं लागतं.