साखर ओळखणारा कार्बन

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



विद्यार्थ्यांच्या दप्तरातील पेन्सिलीला आपण शिसपेन्सिल म्हणतो. पण तिच्यात शिसे नसते. ग्रॅफाइट आणि माती यांच्या मिश्रणाची ती कांडी असते. ग्रॅफाइट हे कार्बनचेच एक रूप. ते स्वस्त असते, त्यातून वीज वाहते आणि ते लोखंडासारखे गंजत नाही. म्हणून प्रयोगशाळेत इलेक्ट्रोडसाठी कार्बन फार वापरतात. मात्र त्यात एक उणीव आहे. निव्वळ कार्बनला पदार्थांची पारख नसते. रक्ताचा थेंब त्याच्यावर ठेवला, तर त्यात साखर किती आहे हे तो सांगू शकत नाही.

यावर रसायनशास्त्रज्ञांनी असा तोडगा काढला की, कार्बन तोच ठेवायचा आणि त्याच्या पृष्ठभागावर निवडक रेणूंचा थर बसवायचा. १९७५ साली अमेरिकेतील संशोधकांनी ग्रॅफाइटच्या पृष्ठभागाला अमिनो आम्लाचे रेणू रासायनिक बंधाने जोडून दाखविले. १९९२ साली फ्रान्समधील पिन्सों आणि सॅव्हेआं यांच्या गटाने डायझोनियम क्षार वापरून असे थर पक्के बसविण्याची सोपी रीत दिली. असा थर उत्प्रेरकाचेही काम करू शकतो. १९६४ साली जासिन्स्की यांनी इंधन-घटात ऑक्सिजनच्या क्रियेसाठी महागड्या प्लॅटिनमऐवजी कोबाल्टचे एक संयुग चालते, हे दाखवून दिले होते.

आता साखरेकडे वळू. १९६२ साली क्लार्क आणि लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम इलेक्ट्रोडजवळ ठेवून साखर मोजण्याची कल्पना मांडली. हे एन्झाइम ग्लुकोजला नेमके हेरते आणि त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेते. पण त्याचे क्रियाशील केंद्र प्रथिनाच्या आत खोल दडलेले असते. त्यामुळे ते इलेक्ट्रॉन थेट कार्बनच्या हाती देता येत नाहीत. १९८४ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड आणि क्रॅनफिल्ड येथील संशोधकांनी ग्रॅफाइटवर एन्झाइमच्या जोडीला लोहयुक्त फेरोसीनचे एक संयुग बसविले. हे संयुग निरोप्यासारखे काम करते. एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन घेते आणि कार्बनला पोचविते. जितकी साखर जास्त, तितका विद्युतप्रवाह जास्त. १९८७ साली याच तत्त्वावरचे पेनाएवढे यंत्र बाजारात आले. आज घरोघरी मधुमेही ज्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवतात, तशा अनेक पट्ट्यांमध्ये कार्बनच्या शाईने छापलेले इलेक्ट्रोड असतात.

पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पट्टीवरील एन्झाइमला साखर कळते, पण ती रक्तातली की बोटाला चिकटलेली, हे कळत नाही. खजूर किंवा फळ हाताळून तसेच बोट टोचले, तर आकडा खोटाच चढतो. म्हणून आधी हात धुऊन कोरडे करावेत. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी. दमट हवेने थर बिघडतो. मुदत संपलेली पट्टी वापरू नये.

रमझानमध्ये तर याचे महत्त्व फार आहे. रोजा तुटेल या भीतीने काही वडीलधारी माणसे दिवसा रक्त तपासत नाहीत. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने रमझानसंबंधी काम करणाऱ्या तज्ज्ञांसह काढलेल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे की, बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. दर १०० मिलिलिटर रक्तात साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली किंवा ३०० मिलिग्रॅमच्या वर गेली, तर रोजा सोडावा, असेही तीत सांगितले आहे. मधुमेहींनी रमझानपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घरातील शिकत्या मुलामुलींनी आजी-आजोबांना हे समजावून सांगावे आणि आकडा वहीत टिपून ठेवावा. तालीम घरच्या माणसाच्या कामी यावी, याहून मोठे समाधान नाही.

विद्यार्थी मित्रहो, ही लहानशी पट्टी तयार होण्यासाठी रसायन, भौतिकी आणि जीवशास्त्र ही तिन्ही शास्त्रे एकत्र यावी लागली. म्हणून एक विषय आवडीचा आणि दुसरा नावडीचा, अशी भिंत इतक्या लवकर उभी करू नका. आणि पालकहो, मुलगी प्रयोगशाळेचा मार्ग निवडू पाहत असेल, तर तिला अडवू नका. पट्टी अधिक स्वस्त आणि अधिक अचूक करण्याचे काम अजून बाकी आहे. त्याला पुष्कळ हात हवे आहेत.