आधी गाडी, मग भाव

(जुळे सोलापूर येथे व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे झालेले भाषण. विषय : मालाची वाहतूक आणि पुरवठा साखळी.)



तुमच्या सरांनी बोलावले तेव्हा मी त्यांना विचारले, सप्लाय चेन मॅनेजमेंट शिकणाऱ्या मुलांपुढे कांदा पिकवणाऱ्या माणसाने काय बोलायचे? सर म्हणाले, तुमचा माल शेतातून बाजारात कसा जातो एवढे सांगा. तेवढेच सांगायला आलो आहे.

तुमचे पुस्तक मी चाळून पाहिले. मोटारींच्या कारखान्याला सुटे भाग वेळेवर कसे पोचतात त्याचा धडा आहे. मुंबईच्या डबेवाल्यांचाही आहे. डबेवाल्यांचे कौतुक मलाही आहे. पण डबा ठरलेल्या घरून निघतो आणि ठरलेल्या माणसाच्या टेबलावर जातो. वाटेत दादर स्टेशनवर त्याचा लिलाव होत नाही. कांद्याचा धडा मला सापडला नाही. आणि इथून शहराच्या दुसऱ्या टोकाला, हैदराबाद रोडवर, देशातल्या मोठ्या कांदा बाजारांपैकी एक बाजार भरतो.

फेब्रुवारी 2023 मधली गोष्ट तुम्ही ऐकली असेल. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दहा पिशव्या कांदा सोलापूरला आणला. वजन भरले 512 किलो. भाव मिळाला किलोला एक रुपया. 512 रुपयांतून गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा झाली आणि हातात चेक पडला 2 रुपये 49 पैशांचा. तोही पंधरा दिवस पुढच्या तारखेचा. देशभर बातमी झाली. कोणी व्यापाऱ्याला शिव्या दिल्या, कोणी सरकारला.

तुम्ही हिशेबाची मुले आहात, म्हणून तुम्हाला वेगळा प्रश्न विचारतो. त्या पट्टीतली कपात जास्त होती का? साठ-सत्तर किलोमीटरवरून पाच क्विंटल माल आणायचा, उतरवायचा, तोलायचा. खर्च सुमारे 509 रुपये, म्हणजे किलोला एक रुपया. तोच कांदा दहा रुपयांनी गेला असता तर 5,120 रुपयांतले हे 509 कोणाच्या डोळ्यावर आले नसते. दहा टक्के. वीस रुपयांनी गेला असता तर पाच टक्के. खर्च तोच, गाडी तीच, हमालाची पाठही तीच.

मग मेख कुठे आहे? गाडीवाला पिशवीवर पैसे घेतो. हमाल पिशवीवर घेतो, तोलणारा वजनावर घेतो. अडत्या शेकड्यावर घेतो. जुलै 2016 पासून कांदा-बटाटा, फळे, भाजीपाला यांची अडत खरेदीदाराने द्यायची असा नियम झाला, ते एक बरे झाले. या सगळ्यांचे दर आधी ठरलेले आहेत. साखळीत एकच माणूस असा आहे की ज्याचा दर ठरलेला नाही. त्याला मिळते ते उरलेले. आणि उरले नाही तर 2 रुपये 49 पैसे.

आता तुमच्या पुस्तकातला टायरचा ट्रक घ्या. आधी ऑर्डर निघते. तिच्यात नग असतात, दर असतो, तारीख असते, माल नापास झाला तर काय करायचे तेही लिहिलेले असते. मग ट्रक सुटतो. आमचे बरोबर उलटे आहे. आधी गाडी सुटते. माल रात्रभर प्रवास करून यार्डात उतरतो आणि सकाळी त्याचा भाव निघतो. भाव निघतो तेव्हा मी काय करू शकतो? परवडत नाही, परत नेतो, असे म्हणायचा हक्क मला आहे. पण परतीचे भाडे कोण देणार? तुमच्याकडे रिव्हर्स लॉजिस्टिक्स नावाचे प्रकरण आहे. विकलेला पंखा कंपनी परत कसा नेते, त्याचा खर्च किमतीत आधीच कसा धरते. आमचे रिव्हर्स लॉजिस्टिक्स बघायचे असेल तर भाव पडलेल्या आठवड्यात कुठल्याही रस्त्याच्या कडेला कांद्याचे ढीग दिसतात, ते बघा.

लोक शेतकऱ्याला शहाणपण शिकवतात : अरे, थांबायचे, भाव चढल्यावर विकायचे. थांबणे ही फुकटची गोष्ट नाही, आणि सगळ्या कांद्याला ते जमतही नाही. नाशिककडचा उन्हाळी कांदा नीट सुकवून चाळीत भरला तर चार-सहा महिने टिकतो. आपल्या सोलापूरच्या बाजारात थंडीत येतो तो बहुतेक लाल कांदा, खरीप आणि लेट खरिपाचा. त्याच्यात पाणी जास्त. काढल्यापासून काही आठवड्यांत विकला नाही तर कोंब येतात, सडतो, निम्मा फेकून द्यावा लागतो. फेब्रुवारीत ऊन वाढले की तेवढीही सवड राहत नाही. घेणाऱ्याला हे पक्के माहीत असते. ज्याला थांबता येते त्याच्या सोयीने बाजार चालतो.

त्यात सगळे एकाच वेळी येतात. सोलापूर, धाराशिव, लातूर, अहिल्यानगर, पलीकडून कलबुर्गी आणि विजयपूर. हंगामात एका दिवसात हजारावर गाड्या कांदा आल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. उतरवायला हमाल पुरत नाहीत, ठेवायला जागा उरत नाही, यार्ड मोकळे करायला लिलाव बंद ठेवावे लागल्याचेही प्रसंग आले आहेत. त्या दिवशी गाडीत बसून राहिलेल्या मालाचे वजन घटते, गाडीचा खोळंबा चढतो. हे कोणाच्या नावावर? पट्टीत याचा रकाना नाही, पण पैसे उरलेल्यातूनच जातात.

बार्शीचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर करतो. बार्शीला आगगाडी आली ती 1897 साली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने अडीच फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी बांधली, बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी ते बार्शी. पुढे ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली, 1927 साली मिरजेला पोचली. स्वस्तात बांधली, भरपूर माल वाहिला. पण कुर्डुवाडीला छोट्या गाडीतला माल मोठ्या गाडीत घालायचा, तर प्रत्येक पोते पुन्हा माणसाच्या पाठीवर चढायचे. रूळ आता रुंद झाले, ती छोटी गाडी बंद झाली. पाठीवरचे पोते मात्र कमी झाले नाही. माझ्या शेतातली पिशवी टेम्पोत चढते, यार्डात उतरते, ओतली जाते, निवडून पुन्हा भरली जाते, ट्रकमध्ये चढते, हैदराबाद किंवा चेन्नईला उतरते, तिथे पुन्हा लिलाव, पुन्हा टेम्पो, मग दुकान. तुमच्यापैकी कोणीतरी एका पिशवीच्या मागे जाऊन ती किती वेळा उचलली गेली ते मोजा. प्रत्येक उचलीला मजुरी लागते आणि प्रत्येक आपटण्याला साल सुटते.

चांगली साखळी आमच्या जिल्ह्याने पाहिलीच नाही असे नाही. ऑगस्ट 2020 मध्ये देवळाली ते दानापूर पहिली किसान रेल सुटली, आणि पाठोपाठ सांगोल्याचे डाळिंबही रेल्वेने बिहारला निघाले. 28 डिसेंबर 2020 रोजी देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहूनच बंगालमधल्या शालिमारला गेली. भाड्यात निम्मे अनुदान होते. त्याहून मला महत्त्वाची वाटली ती दुसरी सोय : अख्खा ट्रक भरण्याची सक्ती नव्हती. ज्याच्याकडे दहा क्रेट आहेत त्याने दहा द्यावेत. लहान शेतकऱ्याला एरवी दूरचा बाजार मिळत नाही तो याच कारणाने. 2022 मध्ये अनुदान थांबले आणि त्या गाड्याही बंद पडल्या. इकडे त्याच सुमारास खोडकिड्याने आणि मर रोगाने सांगोल्याच्या बागा वाळल्या होत्या. गाडी होती तेव्हा अनुदानाचा टेकू, टेकू गेला तेव्हा मालही नाही. तिचा ताळेबंद कोणी नीट मांडलेला मी वाचला नाही. एखादा प्रकल्प करायचा असेल तर हा करा.

तुमच्या पुस्तकात बुलव्हिप इफेक्ट म्हणून एक गोष्ट आहे. दुकानात मागणी जराशी हलली की मागे मागे जाताना तिचा हेलकावा वाढत जातो आणि कारखान्यापाशी मोठा तडाखा बसतो. बुलव्हिप म्हणजे आसूड. जोतिबांनी 1883 साली पुस्तकाला तेच नाव दिले होते. हा आसूड कोणाच्या पाठीवर बसतो हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. मी रोप टाकतो तेव्हा मागच्या हंगामाचा भाव माझ्या डोक्यात असतो. कांदा निघतो चार-पाच महिन्यांनी. भाव चांगला होता म्हणून सगळ्यांनी लावला, की सगळ्यांचा पडतो.

त्यात भर सरकारची. 5 जून 2020 रोजी अध्यादेश काढून कांदा आवश्यक वस्तूंच्या कायद्यातून मोकळा केला म्हणून सांगितले, आणि 14 सप्टेंबर 2020 रोजी निर्यातबंदी घातली. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसवले. डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा बंदी. मे 2024 मध्ये ती उठवली, पण शुल्क ठेवले. ते जाता जाता एप्रिल 2025 उजाडला. बांगलादेशातल्या, मलेशियातल्या, दुबईतल्या व्यापाऱ्याने काय करावे? तो पाकिस्तानकडून घेतो, चीनकडून घेतो. एकदा त्याची साखळी दुसरीकडे जोडली गेली, की बंदी उठल्याच्या दुसऱ्या दिवशी तो आपल्या दारात येत नाही. ज्या कारखान्याला सहा-सहा महिन्यांनी कोणी फाटक बंद करायला लावेल, त्याला तुम्ही कोणते व्यवस्थापन शिकवाल?

आता आमच्या बाजूचेही सांगतो, नाहीतर हिशेब खोटा होईल. तुम्ही म्हणाल, मग नमुना दाखवून आधी भाव ठरवा आणि मग गाडी भरा. अगदी बरोबर. 14 एप्रिल 2016 रोजी ई-नाम सुरू झाले ते याच विचाराने, की लांबच्या खरेदीदाराला पडद्यावर बोली लावता यावी. मग सगळा कांदा तसा का विकला जात नाही? एक कारण मी स्वतः आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी पिशव्या भरताना वर चांगला कांदा ठेवला आणि खाली गोलटी आणि जोड कांदा दडवला. घेणाऱ्याने एक पिशवी पालथी केली. तो काहीच बोलला नाही, सगळ्या मालाचा भाव गोलटीचा केला. मला राग आला होता. आज वाटते, त्याची चूक नव्हती. न बघता घेतला तर काय निघेल याची खात्री नाही, म्हणून तो बघूनच घेतो. तो बघून घेतो म्हणून मला माल त्याच्यापुढे नेऊन ओतावा लागतो. आणि ओतल्यावर माझ्या हातात काही उरत नाही.

म्हणजे आधी भाव, मग गाडी असे करायचे असेल तर मोबाइलवरचे ॲप पुरणार नाही. कांद्याची प्रत कोणी ठरवायची, गावातच चाळणी लावून मोठा, मध्यम, गोलटी वेगळे कोणी करायचे, पोचलेला माल नमुन्यासारखा नसेल तर किती कापायचे आणि ते कोण ठरवणार, गाडी वाटेत खोळंबली तर घट कोणाची, हे सगळे दोन पानांत लिहिलेले पाहिजे. शेतकऱ्याला वाचता येईल अशा मराठीत, आणि व्यापारीही सही करील असे. वकिलाने लिहिले तर आम्हाला कळणार नाही, आम्ही लिहिले तर व्यापारी मानणार नाही. तुमच्याकडून मला ती दोन पाने हवी आहेत. दुसरे, यार्डात आज किती गाड्या वाटेवर आहेत हे गाडी भरायच्या आधी शेतकऱ्याला कळेल अशी पाळीची चिठ्ठी. साखर कारखाना उसाच्या तोडणीची पाळी लावतोच की. तो पाळी लावताना वशिला कसा चालतो तेही आम्हाला माहीत आहे, म्हणून यादी उघडी पाहिजे. तिसरे, लाल कांदा एक दिवस थांबवायला क्विंटलमागे किती खर्च येतो, घट धरून, व्याज धरून, हा आकडा. तो माझ्यापाशी नाही. तो कळला तर निदान किती खाली विकायचे नाही एवढे ठरवता येईल.

मघाशी सरांनी विचारले तेव्हा इथले निम्म्याहून जास्त हात वर आले, घरी शेती आहे म्हणून. त्यांना वेगळे सांगत नाही. त्यांनी सुट्टीत गेल्यावर घरातल्या जुन्या पट्ट्या मागून घ्याव्यात. वडील देणार नाहीत लवकर, आईकडे मागा.

बाकीच्यांनी जानेवारीत माझ्याबरोबर यावे. टेम्पो रात्री दहाला निघतो. पुढे एकालाच जागा आहे, बाकीच्यांना पिशव्यांवर बसावे लागेल. स्वेटर आणा, वही आणा, आणि सकाळी माझा भाव निघेल तेव्हा मला सांगा, आदल्या रात्री दहा वाजता मी काय वेगळे करू शकलो असतो.