सलग जमिनीचा खटला

ब्राझीलच्या जोएनिया वापिशाना यांची ओळख करून देणारे ‘पहिल्या’ या शब्दापाशीच थबकतात. १९९७ साली पदवी घेतलेल्या देशातल्या पहिल्या आदिवासी महिला वकील, २०१८ साली निवडून आलेल्या पहिल्या आदिवासी महिला खासदार. कौतुक जरूर करावं. पण बाईंनी वकिली केली कशासाठी, हे कुणी विचारतच नाही! ती केली सलग जमिनीसाठी.

रोराइमा हे उत्तरेकडचं राज्य, व्हेनेझुएला आणि गयाना यांना लागून. तिथला रापोसा सेरा दो सोल हा सुमारे १७ लाख हेक्टरांचा मुलूख माकुशी, वापिशाना, इंगारिको अशा पाच जमातींचा. २००५ साली राष्ट्राध्यक्ष लुला यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं, तरी आतले बडे भातशेतीवाले हलेनात. त्यांचं आणि राज्य सरकारचं म्हणणं असं, की द्या जमीन, पण तुकड्यातुकड्यांनी. वस्त्या आदिवासींच्या, मधली जमीन आमची.

आता घराची वाटणी डोळ्यांपुढे आणा. घर तुमचं, विहीर तुमची, गोठा तुमचा. मधलं अंगण तेवढं परक्याचं. पाणी आणायचं तर त्याला विचारा. गाय सोडायची तर त्याला विचारा. त्याने कुंपण घातलं की घागर घेऊन उभं राहायचं. त्याने अंगणात औषध फवारलं तर तेही झिरपून तुमच्याच विहिरीत. कागदोपत्री मात्र तुमचं काहीच गेलेलं नाही!

याच वादात २७ ऑगस्ट २००८ रोजी जोएनिया सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. चेहरा रंगवलेला, सुरुवात वापिशाना भाषेत, मग पोर्तुगीजमध्ये युक्तिवाद. त्या न्यायालयात बाजू मांडणाऱ्या त्या पहिल्या आदिवासी वकील. बघा, मीसुद्धा ‘पहिल्या’वर आलो, मुद्दा तो नाही. मुद्दा असा की १९८८ची राज्यघटना आदिवासींची जमीन म्हणजे नुसत्या झोपड्यांखालची जागा मानत नाही. शेती-शिकारीची, निसर्ग राखण्यासाठी लागणारी, रीतिरिवाज चालवण्यासाठी लागणारी भूमीही त्यात येते. म्हणजे अंगणासकट घर. मार्च २००९मध्ये दहा विरुद्ध एक असा निकाल लागला. मुलूख सलग राहिला आणि भातशेतीवाल्यांना निघावं लागलं.

संसदेत जोएनियांच्या आधी एकच आदिवासी निवडून आले होते, १९८२ साली मारिओ जुरुना. जोएनिया २०२२मध्ये हरल्या, पण २०२३मध्ये ‘फुनाई’ या आदिवासींसाठीच्या सरकारी संस्थेच्या अध्यक्षा झाल्या. १९६७पासूनच्या या संस्थेची सूत्रं तेव्हा प्रथमच आदिवासी महिलेच्या हाती आली.

वेळ थोडा उरलाय, तरी हे ऐकाच. त्याच २००९च्या निकालातून एक तारीख पुढे आली, राज्यघटना जाहीर झाली तो दिवस, ५ ऑक्टोबर १९८८. त्या दिवशी जमीन ताब्यात असेल तरच हक्क, असा अर्थ विरोधकांनी लावला. आधीच हुसकावून लावलेल्यांनी त्या दिवशी तिथे हजर तरी कसं राहावं? सप्टेंबर २०२३मध्ये न्यायालयाने ही अट फेटाळली आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून ती परत आणली. त्या कायद्याचं पुढे काय, ते पुन्हा कधीतरी सविस्तर सांगावं लागेल.