उंट, बिशप आणि अध्यक्ष

आजच्या भागाला कारण माझा भाचा. वय वर्षं नऊ. मोबाइलवर बुद्धिबळ शिकतोय आणि सध्या मला रोज हरवतोय. परवा खेळता खेळता म्हणाला, "मावशी, आपल्या उंटाला हे लोक बिशप का म्हणतात? बिशप म्हणजे काय?"

मी म्हटलं, "चर्चमधला मोठा अधिकारी."

"मग तो युद्धात काय करतोय?"

प्रश्न रास्त होता. त्या रात्री मी शोधत बसले, आणि पहाटे दोनला वेगळ्याच गावात पोहोचले.

आधी पटावरचा बिशप. मुळात ही सोंगटी हत्तीची. फारसीत पील, अरबीत फील, आणि स्पॅनिशमध्ये तिला अजून 'अल्फील' म्हणतात. अरबांच्या सोंगट्यांना चेहरे नसायचे. हत्ती दाखवायला वर दोन टोकं काढायची, म्हणजे सुळे. युरोपात हत्ती कुणी पाहिलाय? फ्रेंचांनी त्या सोंगटीला विदूषक केलं, इंग्रजांनी बिशप. दोन टोकांत त्यांना बिशपची दुभंगलेली उंच टोपी दिसली असावी, असं मानतात. स्कॉटलंडच्या लुइस बेटावर 1831 मध्ये बाराव्या शतकातल्या सोंगट्या सापडल्या, बहुतेक वॉलरसच्या दातांच्या. त्यात टोपी घातलेले, हातात काठी धरलेले बिशप आहेत. डोळे वटारून बसलेत बिचारे. फोटो नक्की बघा.

आता शब्द. मूळ ग्रीक 'एपिस्कोपोस'. 'एपि' म्हणजे वर, 'स्कोपोस' म्हणजे पाहणारा. टेलिस्कोपमधला स्कोप याच घरातला. लॅटिनमध्ये तो 'एपिस्कोपुस' झाला, बोलताना लोकांनी पुढचा 'ए' खाल्ला, 'प'चा 'ब' केला. जुन्या इंग्रजीत 'बिशोप'सारखा उच्चार, आणि तिथून बिशप. पोर्तुगीजांनी 'बिस्पु' केलं, तोच गोव्यात कोकणीत 'बिस्प' झाला. फ्रेंचमध्ये तोच शब्द 'एव्हेक'! इंग्रजी आणि फ्रेंच स्पेलिंग शेजारी ठेवलीत तर एक अक्षर समान नाही. आई एकच, बरं का.

हा 'स्कोप' आपल्याही नात्यातला आहे. मूळ धातू 'स्पेक'सारखा. ग्रीकांनी त्यातल्या 'प' आणि 'क'ची अदलाबदल केली, जसं आपल्याकडे नुकसानचं 'नुस्कान' होतं. संस्कृतात त्याच धातूपासून 'पश्यति' आला, 'स्पष्ट' आला आणि 'स्पश' आला. स्पश म्हणजे हेर. ऋग्वेदात वरुणाचे स्पश सगळ्यांवर नजर ठेवून असतात.

इथे मी जरा थांबले. कारण वरून पाहणारा कोण, राखणदार की हेर?

ग्रीक लोकांना दोन्ही चालायचे. इलियडमध्ये हेक्टर मेल्यावर त्याची बायको विलाप करते, तेव्हा त्याला ट्रॉयचा एपिस्कोपोस म्हणते. म्हणजे राखणारा. ओडिसीमध्ये हाच शब्द जहाजावरच्या मालावर डोळा ठेवणाऱ्या व्यापाऱ्यासाठी येतो, तोही टोमणा म्हणून. पुढे अथेन्सचं साम्राज्य झालं, तेव्हा मांडलिक शहरांत जे सरकारी तपासनीस पाठवत, त्यांनाही एपिस्कोपोस म्हणत. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या 'पक्षी' या इसवी सनपूर्व 414 च्या नाटकात पक्ष्यांचं नवं शहर वसतं न वसतं तोच असा एक साहेब तपासणीला हजर होतो, आणि मार खाऊन जातो. प्रेक्षक किती हसले असतील!

ख्रिस्ती मंडळींनी हा रोजच्या कामाचाच शब्द उचलला. पौल इफिससच्या वडीलधाऱ्यांना बोलावून घेतो आणि त्यांनाच एपिस्कोपोस म्हणतो: कळप सांभाळा. अनेकवचनात! एका शहरावर एक बिशप ही रचना आपल्याला दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला इग्नेशियसच्या पत्रांत ठळक दिसते. मग खुर्ची आली. खुर्चीला ग्रीकमध्ये 'काथेद्रा', म्हणून बिशपची खुर्ची जिथे ते कॅथीड्रल. इंग्रजी बायबल करताना हा प्रश्न आलाच, की एपिस्कोपोसला 'बिशप' म्हणायचं की साधं 'देखरेख करणारा'? 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये पौलाच्या त्या भाषणात 'देखरेख करणारे' आहे आणि त्याच्या पत्रांत 'बिशप'. ग्रीक शब्द तोच. एका ठिकाणी काम दिसतं, दुसऱ्या ठिकाणी पद.

आणि मराठी बायबल? तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तिथे शब्द आहे 'अध्यक्ष'. मी वाचून खुर्चीत सरळ बसले. अधि म्हणजे वर. अक्ष म्हणजे डोळा. एपि-स्कोपोसच्या शेजारी ठेवून बघा! कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं दुसरं अधिकरण 'अध्यक्षप्रचार', आणि त्यातले अध्यक्ष भाषण करत नाहीत. कुणी गाईगुरं बघतो, कुणी शेती, कुणी नावा. आपल्याकडेही नंतर खुर्चीच उरली. 'अध्यक्षस्थानी अमुक अमुक', हार, नारळ, आभार.

हे सगळं मला एवढं का लागलं, ते सांगते. गेल्या वर्षी मी टीम लीड झाले. तेव्हा एक डॅशबोर्ड मिळाला. सात माणसं, सात ठिपके. माउस हलला की हिरवा, दहा मिनिटं नाही हलला की पिवळा. खरं सांगू? पहिला आठवडा मजा आली. मग एकाचा ठिपका सारखा पिवळा दिसायला लागला. मी त्याला मेसेज टाकला, "ऑनलाइन दिसत नाहीस, सगळं ठीक?" त्यातलं 'सगळं ठीक' नुसतं चिकटवलेलं होतं, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. त्याने लिहिलं, "सॉरी, लगेच येतो." चार दिवसांनी दुसऱ्या कुणाकडून कळलं की त्याचे बाबा आयसीयूमध्ये होते आणि तो बाहेरच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसायचा. मी वरून बघत होते, आणि मला काहीच दिसलं नव्हतं.

मी त्याला फोन केला. माफी मागितली. तो म्हणाला, "अगं, तू तुझं काम करत होतीस." हे वाक्य अजून टोचतं. डॅशबोर्ड बंद करणं माझ्या हातात नाही, तो आहे. आता पिवळा दिसला की मी मेसेज टाकत नाही, फोन करते. कधी कधी समोरचा नुसता चहा करत असतो, आणि मग दोघांनाही अवघडल्यासारखं होतं.

भाच्याला मी यातलं अर्धंच सांगितलं. त्याला 'अध्यक्ष' फार आवडलं. म्हणाला, "म्हणजे अध्यक्ष तिरका चालतो?" मी म्हटलं, "हो रे, बऱ्याचदा." मी हसत असताना त्याने अध्यक्ष सरकवला आणि माझा वजीर खाल्ला.

भेटू पुढच्या भागात.