बाळगोळी

अफूचे नाव काढले की चीन आठवतो. कँटन बंदरातील पेट्या, इंग्रजांच्या युद्धनौका, धुराने कोंदलेल्या खोल्या, एवढेच चित्र आपल्या मनात शाळेपासून ठसलेले असते. परंतु ज्या मध्य प्रदेशात मी राहतो, त्याच्या पश्चिम टोकाला, मंदसौर, नीमच व रतलाम या जिल्ह्यांत, सरकारी परवान्याने आजही अफू पिकते. फाल्गुनाच्या सुमारास हिरव्या बोंडांना दुपारी चिरा द्यावयाच्या, रात्रभर चीक पाझरू द्यावयाचा आणि सकाळी तो खरवडून घ्यावयाचा, ही रीत तेथे शिंदे-होळकरांच्या अमदानीतही होती. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतला आणि माळव्याच्या अफूचा कराचीकडील मार्ग बंद झाला. मग ती मुंबईवरून जाऊ लागली. १८४७ साली कंपनी सरकार या अफूवर पेटीमागे ४०० रुपये घेत असे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तीत या व्यापाराचा वाटा मोठा होता, आणि मुंबईचे सुप्रसिद्ध रुग्णालय त्यांच्याच देणगीतून उभे राहिले. चीनच्या किनाऱ्यावर या धंद्यात अमेरिकन व्यापारीही होते. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे मातामह वॉरन डेलानो हे त्यांपैकीच एक.

मात्र मला आज सांगावयाचे आहे ते या श्रीमंतांविषयी नव्हे. सगळीच अफू काही चीनला जात नव्हती. तिचा अल्पसा अंश मुंबईच्या गिरणगावात राहत असे, आणि तो मोहरीएवढ्या गोळीच्या रूपाने तान्ह्या मुलांच्या तोंडी जाई. या गोळीला नाव किती गोड, बाळगोळी! पहाटे भोंगा वाजला की आई गिरणीत जावयाची. बाळ कोठे ठेवावे? चाळीतल्या एका खोलीत म्हातारी सासू किंवा सहा वर्षांची बहीण. बाळ रडू नये, भुकेने जागे होऊ नये, म्हणून ही गोळी दुधात उगाळून द्यावयाची. १९२२ साली गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी डॉ. बार्न्स नावाच्या स्त्री-डॉक्टरने केली. तिला असे आढळले की, या स्त्रियांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जात होती. अफू भूक मारते आणि श्वास मंद करते. मूल दिवसेंदिवस वाळत जाई. एखादे दिवशी गोळी किंचित मोठी झाली तर ते उठतच नसे. त्या मातांना निर्दय म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? सुटी घेतली तर पगार नव्हता. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला. १९२९ साली मुंबईत, आणि १९३० साली आमच्या त्या वेळच्या मध्यप्रांतात असा कायदा झाला. अफूविरुद्धच्या कायद्यांच्या यादीत हे दोन कायदे कोणी घालीत नाही. माझ्या मते ते त्या यादीत अग्रभागी असावयास हवेत.

आता याच्या शेजारी अमेरिका ठेवून पाहा. तेथे १८४९च्या सुमारास ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ नावाचे औषध बाजारात आले. दात येताना रडणाऱ्या मुलांना ते देत. त्यात मॉर्फिन होते, म्हणजे अफूचेच सत्त्व. पण बाटलीवर त्याचा उल्लेख नव्हता. तो करणे १९०६च्या कायद्याने भाग पडले. तोवर किती पाळणे रिकामे झाले, त्याची गणती कोण करणार? आपल्या गिरणीतल्या आईला गोळीत काय आहे ते निदान ठाऊक होते. त्या सुशिक्षित अमेरिकन आईला तेही ठाऊक नव्हते.

त्याच देशाच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, उत्तरेच्या सैन्यात अफूच्या सुमारे १ कोटी गोळ्या वाटल्या गेल्या असे सांगतात. हगवण, तुटलेला हात, कापलेला पाय, सर्वांवर हाच उतारा. पुढे १८९८ साली जर्मनीच्या बायर कंपनीने हेरॉइन हे खोकल्याचे औषध म्हणून विकावयास काढले. आणि १९९६ साली पर्ड्यू नावाच्या अमेरिकन कंपनीने ‘ऑक्सिकाँटिन’ ही वेदनाशामक गोळी आणली. हिचे व्यसन लागण्याचा धोका कमी, असे डॉक्टरांना पढविण्यात आले. ते खोटे होते, आणि २००७ साली कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोपर्यंत पाठदुखीसाठी गोळी घेतलेली माणसे हेरॉइनवर गेली होती. पुढे फेंटानिल आले. १९९९ ते २०२३ या पंचवीस वर्षांत अफूवर्गीय द्रव्यांनी अमेरिकेत सुमारे ८ लाख माणसे मेली. यादवी युद्धातील मृतांचा एक अंदाज साडेसात लाखांचा आहे. त्या युद्धाची स्मारके तेथे गावोगाव आहेत.

अशा बातम्या वाचून आपणांस वाटते, या द्रव्याचे नावच नको. आपल्या सरकारलाही तसेच वाटले असावे. १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. मॉर्फिन बाळगण्यासाठी इतके परवाने लागू लागले, की औषधविक्रेत्यांनी व रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. १९९७ साली साऱ्या देशात वैद्यकीय कामासाठी अवघे १८ किलो मॉर्फिन वापरले गेले. एवढ्या अफाट देशात, जेथे अफू कायदेशीरपणे पिकते आणि बाहेरदेशी औषधांसाठी जाते! २०१४ साली कायदा सुधारून परवान्यांची ही साखळी सैल केली गेली, पण भीती कायद्याच्या गतीने सरत नाही. मी शासकीय सेवेत आहे. ज्या कागदावर सही केल्याने चौकशी लागू शकते, तो कागद आम्ही मंडळी किती दिवस टेबलावर ठेवतो, ते मला सांगावयास नको.

येथे जबलपुरास मंडला, सिवनी, नरसिंहपूर या भागांतून कर्करोगाचे रुग्ण येतात. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांच्या हाडांत हा रोग उतरला होता. नीमचचा सरकारी अफू कारखाना याच राज्यात. तरी त्यांच्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या शेवटी नागपुराहून, रीतसर कागद करून, आणाव्या लागल्या. त्यात तीन आठवडे गेले. गोळ्या आल्यानंतर ते अकरा दिवस जगले. त्या अकरा दिवसांत त्यांनी सुनेकडून पत्र लिहवून घेतले, धाकट्या भावाशी सतरा वर्षांनी बोलले, आणि एके दुपारी पिठले-भाकरी मागितली.