गुरवाचा योगक्षेम
(जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभातील भाषण)



कलशारोहण झाले. वर्गणीदारांची नावे वाचून झाली, वाळू-सिमेंट देणाऱ्यांचा फेटा-नारळाने सत्कार झाला. योग्यच झाले. परंतु उद्या मांडव सुटल्यावर पहाटे गाभाऱ्याचे दार उघडणार ते गुरवबुवा. त्यांच्याविषयी दोन शब्द बोलतो.

गावगाड्यात गुरव हा बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुत्याची रीत सविस्तर आली आहे. देवाची पूजा, झाडलोट, दिवाबत्ती त्याच्याकडे. लग्नकार्यात पत्रावळी तोच पुरवी. सुगीत खळ्यावर त्याला पेंढ्या मिळत, सणावाराला शिधा, काही गावी देवाच्या इनाम जमिनीचे पीक. रोख पैसा क्वचितच, पण वर्षाची भाकरी सुटे.

आता खळे राहिले कुठे? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. भोसरी-आकुर्डीचे माळ कारखान्यांनी भरले आणि पुढे ते लोण चाकणपर्यंत पोचले. शेतकऱ्याला जमिनीचा मोबदला मिळाला; तो पुरेसा होता की नाही, हा वाद वेगळा. त्या शेतातून निघणाऱ्या गुरवाच्या पेंढीचा हिशेब मात्र कुणी केला नाही. पत्रावळही यंत्रावर निघू लागली. उरले आरतीचे ताट. हल्ली मोबाइलवरून दिलेले दान थेट ट्रस्टच्या खात्यात जाते, तेही ताटात पडत नाही.

पंढरपुरात १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवले, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तेथे समिती पुजाऱ्यांना पगार देऊ शकते. आपल्या देवाचे उत्पन्न ते किती! म्हणजे भार गावानेच उचलायचा.

आपल्या बहुतेक घरांत कोणी ना कोणी कंपनीत आहे. साप्ताहिक सुट्टी, बोनस, प्रॉव्हिडंट फंड यांसाठी आपण गेटवर उभे राहिलो. गुरवबुवांची सुट्टी कोणत्या वारी? घरात सुतक पडले म्हणजे दहा दिवस पूजा दुसऱ्याने करायची, एवढीच त्यांची रजा! आरतीला उशीर होतो अशी कुरकुर ऐकू येते. बुवा आजारी असले की त्यांचा मुलगा रात्रपाळी करून येतो आणि तसाच आंघोळ करून पूजेला बसतो, हे कुरकुरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

विश्वस्तांना माझी विनंती आहे. जीर्णोद्धार निधीतील शिल्लक दुसऱ्या कमानीत घालू नका. ती मुदतठेवीत ठेवा आणि व्याजातून दरमहा ठरल्या तारखेला मानधन द्या. कमी पडेल ते आळीआळीने वाटून घेऊ. महिन्यातून दोन दिवस पूजेची पाळी तरुण मंडळाने उचलावी. देवळाला ग्रॅनाइट लागले, गुरवाच्या खोलीवरचा पत्रा अजून गळतो; पावसाळ्यापूर्वी तो बदलावा. आणि मानधन देतो म्हणून कुणी हुकूम सोडू नये. ते आपले नोकर नव्हेत. पूजेची भांडी रोज घासणाऱ्या गुरवीणबाईंचे नाव तर सत्काराच्या यादीतही आले नाही.

ठरावाचा मसुदा मी सेक्रेटरींकडे दिला आहे. महाप्रसादापूर्वी तो वाचावा. पहिल्या पंगतीला दोघांना बसवावे. वाढायला आपण उभे राहू.