‘ऐकू येत नाही का?’

(जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज रस्त्यावरून चालण्याविषयी बोलायचं आहे, असं सांगितल्यावर काही जणी माझ्याकडे नवलाने बघत होत्या. दारू, मारहाण, पोटगी, रेशन, हिरड्याचा भाव असे इतके विषय समोर असताना चालण्यावर काय बोलायचं? पण हा विषय मी काढलेला नाही, बायांनी काढला आहे. टोमॅटो तोडायला जाणाऱ्या, खुरपणीला जाणाऱ्या, मुलांना शाळेत सोडायला जाणाऱ्या बायांच्या तोंडी गेल्या काही महिन्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येतंय : "ताई, हल्ली गाडी मागं आलेली कळतच नाही."

जनावरासाठी उसाचं वाढं घेऊन घरी निघालेली बाई डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भारा, एक हात भाऱ्याला. तिला मान वळवता येत नाही. मागे बघायचं तर अख्खं अंग फिरवावं लागतं. म्हणून ती मागचं कानांनी बघते. ट्रॅक्टर, एस.टी., वडापची जीप, बुलेट अशी प्रत्येक गाडी तिला आवाजावरून ओळखू येते. गाडी किती लांब आहे, वेगात आहे की सावकाश, हेही कळतं. ही विद्या तिला कुणी शिकवलेली नाही. रोजच्या ओझ्याने शिकवली आहे.

आता विजेवर चालणारी मोटार येते. तिला इंजिनाची घरघर नाही. ती बाईच्या मागे चार हातांवर येऊन ठेपते, तरी बाईला पत्ता नसतो. चालकाला घाई असते. तो क्षणभर थांबतो आणि मग पाठीत धपाटा बसावा तसा कर्णा वाजवतो. बाई दचकते. कधी भारा पडतो, कधी ती चारीत पाय घालते, कधी हातातलं पोर ओढलं जातं. मग काच खाली होते आणि प्रश्न येतो, "ए मावशी, ऐकू येत नाही का?"

यात ऐकू येण्यासारखं होतं तरी काय?

थोडं तांत्रिक समजून घेऊ. गाडी वेगात असली की टायर रस्त्यावर घासल्याचा आणि वाऱ्याचा आवाज होतो. म्हणून पुणे-नाशिक महामार्गावर ऐंशीच्या वेगाने जाणारी विजेची मोटारही ऐकू येते. ताशी वीस-तीस किलोमीटरच्या खाली मात्र टायरचा आवाज फारच कमी होतो. तिथे आपल्याला सावध करतं ते इंजिन, आणि तेच या गाडीत नाही. म्हणजे ही गाडी नेमकी कुठे निःशब्द असते? आळीत, बाजारपेठेत, शाळेच्या फाटकाशी, ओझर-लेण्याद्रीच्या वाहनतळावर आणि मागे घेताना. जिथे माणसं पायी असतात, नेमकी तिथे! नारायणगाव आणि मंचरला बाह्यवळण रस्ते झाले, जड वाहतूक बाहेरून जाऊ लागली आणि गावातल्या जुन्या रस्त्यावर बाया थोड्या निर्धास्त झाल्या. त्याच रस्त्यावर आता या गाड्या आहेत.

ही तक्रार विजेच्या गाड्यांविरुद्ध नाही. धूर आणि गोंगाट कमी झाला तर रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या बाईइतका फायदा कुणाचा होणार? १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची विजेवरची ‘शिवाई’ सुरू झाली, तेव्हा आपल्यापैकी अनेकींना आनंदच झाला होता. १९४८ साली याच मार्गावर, याच तारखेला एस.टी.ची पहिली गाडी धावली होती. प्रश्न गाडीच्या शांतपणाचा नाही, चालकाच्या उतावळेपणाचा आहे. आणि हा चालक नेहमी शहरातला पर्यटक असतो असंही नाही. आपल्याच गावातला बागायतदार असतो, कधी आपल्याच घरातला पोरगा असतो.

चालकांची एक ठरलेली तक्रार आहे : "बाया चार-चार जणी रस्ता अडवून, गप्पा मारत चालतात." जरा बघू या, त्या का चालतात. आपल्या भागात ऊस डांबराच्या कडेपर्यंत आलेला असतो आणि उसात बिबट्या असतो. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र उभं राहिलं, ते काही उगाच नाही. एकटीने जाऊ नका, घोळक्याने जा, मोठ्याने बोलत जा, हा सल्ला बायांना कितीदा तरी दिला गेला आहे. त्या तेच करतात. उसापासून लांब राहायचं म्हणून डांबरावरून चालतात, एकटं पडू नये म्हणून बरोबरीने चालतात, बिबट्याला चाहूल लागावी म्हणून बोलत चालतात. जंगलखात्याच्या लेखी ही खबरदारी आहे, गाडीवाल्याच्या लेखी बेशिस्त. एका कानाने उसातली खसफस ऐकायची, दुसऱ्या कानाने रस्ता ऐकायचा आणि वर बोलणीही खायची.

आता मुद्द्याचं बोलते. त्या रस्त्यावर दोन माणसं आहेत. एकाला दुसरी स्पष्ट दिसते आहे. दुसरीची पाठ आहे, तिला पहिला दिसत नाही आणि आता ऐकूही येत नाही. मग सांभाळायची जबाबदारी कुणाची? ज्याला दिसतंय त्याची. आपल्याकडे मात्र ती जिला दिसत नाही तिच्यावर टाकली जाते. "जपून चाल, मागे बघ, कडेने जा." हा सूर आपल्या ओळखीचा आहे. अंधार पडायच्या आत घरी ये, अंगभर पदर घे, त्याला राग येईल असं बोलू नको. धोका ज्याच्याकडून आहे त्याला मोकळं सोडायचं आणि सावधगिरी बाईच्या पदरात टाकायची, ही जुनी रीत रस्त्यावरही चालू आहे. उजव्या कडेने, समोरची गाडी दिसेल असं चालावं, हा सल्ला चांगलाच आहे. पण कडेला साइडपट्टी असेल तर! कडेला चारी आणि ऊस असेल तर बाईने चालायचं कुठे?

जगात इतरत्र हा प्रश्न कुणी धसाला लावला, हेही ऐका. अमेरिकेत तो अंध व्यक्तींच्या संघटनेने लावून धरला. गाडी आवाजावरून ओळखणाऱ्यांना धोका आधी कळला, त्यांनी मागणी केली आणि जानेवारी २०११ मध्ये कायदा झाला. त्याखालच्या नियमाप्रमाणे विजेच्या आणि हायब्रिड मोटारींना ताशी सुमारे तीस किलोमीटरपर्यंत ऐकू येणारा आवाज सक्तीचा आहे. युरोपात जुलै २०२१ पासून अशा सर्व नव्या मोटारींना वीस किलोमीटरपर्यंत आवाज द्यावा लागतो. आपल्या केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये अशाच नियमाचा मसुदा काढला. नव्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०२६ पासून आणि आधीच्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०२७ पासून तो लागू करावा, असं त्यात सुचवलं. पण हा मसुदा मोटारी, बस आणि ट्रकपुरता आहे. गल्लीबोळात सगळ्यात जास्त दिसणारी विजेची स्कूटर त्यात नाही. ही उणीव आपण बोलून दाखवली पाहिजे.

आणि आवाजाने सगळं भागेल असंही समजू नका. गाडी गुणगुणली म्हणजे बाईने लगेच बाजूला व्हायचं, असा अर्थ चालकाने काढला तर आपण होतो तिथेच. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळजवळ पाचांतलं एक! हे काही शांत गाड्यांचे बळी नव्हेत. रस्ता चाकांचाच, हे गृहीत धरल्याचे बळी आहेत.

कायदा मात्र असं गृहीत धरत नाही. वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमांत पादचारी, मुलं, वृद्ध, अपंग यांची विशेष काळजी घेण्याचं कर्तव्य चालकावर आहे आणि विनाकारण कर्णा वाजवायला मनाई आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये पादचाऱ्यांसाठी सहा महिन्यांत नियम करा, असा आदेश राज्यांना दिला. निवेदन लिहिताना या दोन्हींचा उल्लेख करा.

एक माहिती प्रत्येक गटाकडे हवीच. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्राच्या योजनेत मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत चौकशी करून द्यायचा. गाडी सापडली तर दावा न्यायाधिकरणात जातो. तिथे "बाई घरीच असते, कमवत नाही" हे कुणी ऐकवू लागलं तर गप्प बसू नका. घरकामाला पैशात मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या लता वाधवा खटल्यात मान्य केलं आणि २०२१ मध्ये पुन्हा ठासून सांगितलं.

आता कामाचं. प्रत्येक गटाने आपल्या गावचा रस्ता एकदा एकत्र चालून बघायचा. कुठे साइडपट्टी उसाने किंवा टपरीने खाल्ली आहे, कुठे वळण आंधळं आहे, शाळेसमोर गतिरोधक आहे का, त्यावर पांढरे पट्टे आहेत का, हे वहीत लिहायचं. ती यादी ग्रामसभेत ठराव करून बांधकाम खात्याकडे द्यायची आणि पोहोच घ्यायची. देवस्थानांना सांगायचं की वाहनतळावर गाडी मागे घेताना माणूस उभा करा. गावातल्या तरुण पोरांशी बोलायचं, कारण उद्याचे चालक तेच आहेत. त्यांना एवढंच सांगा : पुढे बाई चालत असेल तर वेग आधीच कमी करा, लांबून एकदा हलका कर्णा द्या आणि ती वळेपर्यंत थांबा. यात जास्तीत जास्त अर्धं मिनिट जातं.

आणि पुन्हा कुणी काच खाली करून "ऐकू येत नाही का?" असं विचारलं, तर मान खाली घालून पुढे जाऊ नका. भारा खाली ठेवा, समोर उभ्या राहा आणि शांतपणे विचारा, "दादा, तुम्हाला मी दिसत नव्हते का?"